एका तापाची कुळकथा

२०२३ साली आमच्या जिल्ह्याचे नाव सरकारदरबारी उस्मानाबादचे धाराशिव झाले. कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, एस.टी.च्या पाट्या बदलल्या, पत्ता लिहिताना आमचा हातही चुकतमाकत का होईना बदलला. एक नाव मात्र बदलले नाही. आठवडी बाजारात काळीभोर, लांब कानांची, तकतकीत अंगाची शेळी दिसली की व्यापारी आजही "अस्सल उस्मानाबादी आहे" असेच म्हणतो. पशुसंवर्धन खात्याच्या कागदांतही ती उस्मानाबादीच आहे. शेवटच्या निजामाच्या नावाची खूण शेळीने जपून ठेवावी, हा इतिहासाचा एक गमतीदार न्यायच म्हणायचा.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. राजे, लढाया, तह आणि सनावळ्या. निवृत्तीनंतर मात्र वाटू लागले की ज्या गोष्टींनी माणसांची आयुष्ये खरोखर घडवली किंवा बिघडवली, त्यांतल्या बऱ्याचशा आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हत्याच. रोगराई ही त्यांतलीच एक. प्लेगवर आणि देवीवर निदान थोडेफार लिहिले गेले आहे. पण आज ज्या तापाबद्दल लिहायचे आहे, त्याला आपल्या बोलीत धड नावही नाही. डॉक्टर त्याला ब्रुसेलोसिस म्हणतात. जुन्या पुस्तकांत तो 'माल्टा ताप' म्हणून येतो, कुठे 'लाटांचा ताप' म्हणून. जनावरांत तो 'सांसर्गिक गर्भपात' या नावाने ओळखला जातो. ज्याला नाव नाही तो रोग ओळखणार कसा? आणि या तापाची सारी कथा ओळखण्याचीच आहे.

माझा एक माजी विद्यार्थी पशुवैद्य होऊन आता निवृत्तीला आला आहे. तो एकदा म्हणाला, "सर, उस्मानाबादी शेळीचं कौतुक सगळे लिहितात. तिच्यापासून माणसाला काय होऊ शकतं, ते कोणी लिहीत नाही." ते डोक्यात राहिले आणि मग मी मिळेल ते वाचत गेलो. वैद्यकातले मला फारसे कळत नाही, पण ओळखीच्या डॉक्टरांना विचारून, जमेल तसे पडताळून हे लिहीत आहे.

आधी शेळीबद्दल. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगीच नाही. १९७२ च्या दुष्काळात मी नुकताच नोकरीला लागलो होतो. चारा संपला तशी बैल-गाईंची दावणी रिकामी झाली. शेळी मात्र बाभळीच्या शेंगांवर, बोरीच्या पाल्यावर तगून राहिली. ही जात जुळी करडे देण्याबद्दल प्रसिद्ध आहे. घरात आजारपण आले, पोरीचे लग्न निघाले, की एक बोकड विकायचे. शिवाय शेळीचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात असतो, हे तिचे आणखी एक मोठेपण. म्हणून पुढे जे लिहिले आहे ते वाचून कोणी शेळीवर राग धरू नये. तिच्यावर राग धरणे आपल्या भागाला परवडणारे नाही.

ब्रुसेला नावाचे जंतू शेळ्या-मेंढ्यांत, गाई-म्हशींत राहतात. शेळी बाहेरून धडधाकट दिसते, चरते, दूधही देते. मग एके दिवशी गाभण शेळी दिवस भरण्याआधी गाभ टाकते. आपल्याकडे 'शेळी गाभडली' म्हणतात. कोणी नजर लागली म्हणते, कोणी म्हणते दुसऱ्या शेळीने ढुशी मारली. ते मेलेले करडू, ते पाणी, ती वार यांत या जंतूंची संख्या अफाट असते. आणि ते सगळे आवरते कोण? घरची बाई किंवा राखणारा पोरगा, तेही उघड्या हातांनी. हाताला काट्याकुट्यांचे ओरखडे, विळ्याचे काप असतातच. जंतू तिथून आत शिरतात, नाहीतर श्वासातून किंवा डोळ्यांतून. दुसरा रस्ता कच्च्या दुधाचा, कारण शेळी पुढे कित्येक दिवस दुधातूनही जंतू टाकत राहते.

माणूस लगेच आजारी पडत नाही. दोन-चार आठवडे जातात, कधी महिनेही. तोवर गाभडलेली शेळी सगळे विसरलेले असतात. मग ताप येऊ लागतो. रात्री घामाने अंथरूण भिजते, सांधे धरतात, कंबर मोडून येते, भूक जाते, वजन उतरते, मन उदास होते. काही पुरुषांत अंडकोष सुजतात. ताप काही दिवस राहतो, उतरतो, बरे वाटले म्हणता म्हणता पुन्हा चढतो. म्हणून लाटांचा ताप. याने माणूस सहसा मरत नाही. क्वचित जंतू हृदयाच्या झडपेवर बसले तर जीव जातो. पण उपचार झाला नाही तर माणूस महिनोन्‌महिने कामातून जातो. ज्याचे पोट हातावर आहे, त्याच्यासाठी कामातून जाणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको.

या तापाचा इतिहास नीट लिहिला गेला तो आपल्यापासून फार दूर, भूमध्य समुद्रातल्या माल्टा नावाच्या चिमुकल्या बेटावर. तिथे इंग्रजांचे मोठे लष्करी ठाणे होते. सैनिक तापाने फणफणत आणि महिनोन्‌महिने इस्पितळात पडून राहत. मार्स्टन नावाच्या लष्करी डॉक्टरने १८६० च्या सुमारास या तापाचे पहिले नेटके वर्णन केले. त्यात त्याचे स्वतःचे आजारपणही होते, कारण त्यालाही हाच ताप झाला होता. पुढे डेव्हिड ब्रूस हा लष्करी डॉक्टर पत्नीसह माल्टाला आला. तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून त्याने हा जंतू शोधला आणि १८८७ मध्ये तसे जाहीर केले. त्याची पत्नी मेरी सूक्ष्मदर्शकाच्या कामात त्याच्या बरोबरीने होती. पुढे या जंतूंच्या कुळाला ब्रूसच्या नावावरून ब्रुसेला म्हणू लागले.

जंतू सापडला, पण तो माणसात येतो कुठून हे काही कळेना. कोणी हवेला दोष दिला, कोणी गटारांना, कोणी डासांना. हे कोडे आणखी १८ वर्षे तसेच राहिले. १९०४ साली चौकशीसाठी आयोग नेमला गेला. ब्रूस त्याचा प्रमुख होता आणि थेमिस्टोक्लिस झॅमिट हा माल्टाचाच डॉक्टर त्यात काम करत होता. माल्टात तेव्हा गवळी शेळ्यांचा कळप घेऊन दारोदार फिरत आणि गिऱ्हाईकाच्या भांड्यात समोर धार काढून देत. दूध ताजे आणि बिनपाण्याचे, म्हणून लोक खूश. १९०५ च्या जून महिन्यात झॅमिटने प्रयोगासाठी आणलेल्या सहा धडधाकट शेळ्यांचे रक्त तपासले, तर सहापैकी पाचांच्या रक्तात या तापाची खूण मिळाली. पुढे मोठी पाहणी झाली. जवळजवळ निम्म्या शेळ्यांच्या रक्तात ती खूण होती आणि सुमारे दहातली एक शेळी दुधातून जंतू टाकत होती. त्याच वर्षी माल्टाहून शेळ्या घेऊन अमेरिकेकडे निघालेल्या एका जहाजावर त्यांचे दूध पिणारे खलाशी याच तापाने आजारी पडले. आणखी पुरावा तो काय हवा?

१९०६ मध्ये सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद झाले आणि छावणीतला ताप बघता बघता ओसरला. पण माल्टाच्या गावांत तो राहिलाच. सैनिकाला हुकूम देता येतो, पण ज्याचे घर शेळीवर चालते त्याला काय सांगणार? गावकऱ्यांसाठी दूध तापवून निर्जंतुक करण्याची सोय तिथे व्हायला १९३८ साल उजाडले. औषध आणि ज्ञान आधी छावणीत पोचते आणि गावात उशिरा, हे आपल्याला नवीन नाही.

जाता जाता सांगतो. हा झॅमिट पुराणवस्तूंचाही मोठा अभ्यासक होता. माल्टातली तार्शिनची प्राचीन मंदिरे त्यानेच उत्खननातून उजेडात आणली. आमच्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी सातवाहनकाळातली खापरे आणि मूर्ती हयातभर गोळा केल्या, त्यांची मला आठवण झाली. जे सगळ्यांच्या पायाखाली असते आणि कोणाला दिसत नाही ते पाहण्याची नजर अशा माणसांना असते. झॅमिटला ती शेळीच्या बाबतीतही कामी आली असावी.

आता निदानाकडे वळू. झॅमिटने शेळीचे रक्त ज्या पद्धतीने तपासले, ती एका इंग्रज डॉक्टरची होती. १८९६ मध्ये फ्रान्सच्या विडालने विषमज्वर, म्हणजे टायफॉइड, रक्ताच्या तपासणीने ओळखण्याची रीत काढली. रोग्याच्या रक्तातला द्रव त्या रोगाच्या जंतूंशी मिसळला की जंतूंच्या गुठळ्या होतात, एवढेच तत्त्व. आपल्याकडे ज्याला-त्याला करायला सांगतात ती 'विडाल टेस्ट' हीच. लगेच पुढच्या वर्षी, १८९७ मध्ये, इंग्लंडमधल्या नेटली येथील लष्करी इस्पितळात आल्मरॉथ राइट आणि त्याचा सहकारी स्मिथ यांनी हीच रीत माल्टा तापाला लावली. त्यांचा हेतूच मुळी टायफॉइड आणि माल्टा ताप यांतला फरक ओळखण्याचा होता, कारण दोन्ही ताप वरवर सारखेच दिसत. नेटलीला हिंदुस्थानातून परतलेले आजारी गोरे सैनिकही येत. हा ताप हिंदुस्थानातही आहे असे टिपण या दोघांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केले.

इथे इतिहासाच्या मास्तराला थोडे थांबावेसे वाटते. दोन तपासण्या, एका वर्षाच्या अंतराने जन्मलेल्या, जणू पाठच्या बहिणी. त्यांतली विडाल आमच्या तालुक्यातल्या गल्लीबोळातल्या लॅबपर्यंत पोचली. ताप आला की विडाल, हे आता खेड्यातल्या आजीलाही ठाऊक आहे. दुसरी बहीण मात्र मोठ्या इस्पितळांच्या बाहेर फारशी आलीच नाही. जो फरक ओळखायला ती काढली, तो फरक करण्याची वेळ आली की ती हाताशी नसते. त्यामुळे शेळीचा ताप आमच्याकडे वर्षानुवर्षे टायफॉइड या नावाने हिंडत राहिला असेल, तर नवल नाही.

हा ताप ओळखला गेला नाही की रोग्यावर काय पाळी येते, याचे मोठे उदाहरण अमेरिकेतल्या अॅलिस इव्हान्स या बाईंचे आहे. गाईंचा गर्भपात करणारा जंतू डेन्मार्कच्या बांग यांनी १८९७ मध्ये शोधला होता. तो आणि माल्टा तापाचा जंतू एकाच कुळातले आहेत, तेव्हा गाईचे कच्चे दूधही माणसाला धोक्याचे आहे, असे इव्हान्स यांनी १९१८ साली मांडले. त्यांच्याकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती आणि त्या बाई होत्या. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी त्यांचे म्हणणे उडवून लावले. पुढे १९२२ मध्ये प्रयोगशाळेत काम करताना त्यांनाच हा रोग जडला आणि जवळपास २० वर्षे तो अधूनमधून उलटत राहिला. सुरुवातीला डॉक्टरांनी त्यांनाही तुमच्या आजारात काही अर्थ नाही, हा मनाचा दुबळेपणा आहे, असेच सांगितले. ज्या रोगावर त्यांनी हयात घालवली तोच त्यांच्या अंगात ओळखला जाईना, तर आमच्याकडच्या शेळीवालीचे कोण ऐकणार? "बाई, तुम्हाला काही झालेलं नाही, काम नको म्हणून अंगदुखी" हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

औषधांची कथा त्या मानाने सरळ आहे. १९४० च्या दशकापर्यंत या तापावर नेमका इलाज नव्हता. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले. १९४८ मध्ये टेट्रासायक्लिन कुळातले पहिले औषध, ऑरिओमायसिन, आले. ते अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या ज्या प्रयोगशाळांतून बाहेर पडले, त्यांच्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षी मेक्सिकोतल्या रोग्यांना हे औषध देऊन त्याचे गुण तपासले गेले आणि ते लागू पडले. पण थोड्याच काळात एक गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात आली. एकटे औषध दिले, किंवा थोडे दिवस दिले, तर ताप जातो आणि परत येतो. हे जंतू आपल्या पेशींच्या आत दडून बसतात. त्यांना बाहेर काढायला दोन औषधे आणि पुष्कळ दिवस लागतात. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने जी रीत घालून दिली, ती थोड्याफार फरकाने अजून चालते. डॉक्सिसायक्लिन सहा आठवडे आणि त्याच्या जोडीला रिफॅम्पिसिन सहा आठवडे. किंवा रिफॅम्पिसिनऐवजी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने दोन ते तीन आठवडे. इंजेक्शनांच्या रीतीत रोग उलटण्याचे प्रमाण कमी असते, पण रोज टोचून घ्यायला खेड्यातला माणूस येणार कसा, हा प्रश्न उरतो. मणक्यात रोग गेला असेल तर औषध तीन महिने किंवा त्याहून जास्त चालते. लहान मुले आणि गरोदर बाया यांच्यासाठी औषधे वेगळी असतात. (हे माहितीसाठी लिहिले आहे. औषध डॉक्टरनेच ठरवायचे.)

आता जवळ येऊ. आमच्या नळदुर्गाचा पाणीमहाल ज्या आदिलशाहीने बांधला, तिची राजधानी विजापूर. सोलापूरमार्गे आमच्यापासून दीड-पावणेदोनशे किलोमीटर. हवा तीच, बाभळी त्याच, शेळ्या-मेंढ्या पाळणारी माणसेही तशीच. त्या विजापुरात बी.एल.डी.ई. संस्थेच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. बसप्पा मंतूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी पण चिकाटीची गोष्ट केली. संशय असो वा नसो, तपासणीला आलेल्या रक्ताच्या नमुन्यांवर ते ही ब्रुसेलाची चाचणी नेमाने करत राहिले. १६ वर्षांच्या कामाचा त्यांचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रौढांच्या २६,९४८ नमुन्यांतून ४९५ रोगी सापडले, म्हणजे शंभरात जवळजवळ दोन. त्याआधी २००४ मध्ये त्यांनी मुलांबद्दल लिहिले होते: ५,७२६ नमुन्यांत ९३ मुले. यांतल्या अनेकांच्या डॉक्टरांच्या मनात हा रोग मुळी आलाच नव्हता. चाचणी झाली म्हणून तो कळला, नाहीतर कळलाच नसता.

हे वाचले तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. आमच्या बाजूला असा शोध कोणी १६ वर्षे घेतला असता, तर काय आकडा निघाला असता? रोग काही राज्याची सीमा पाहून थांबत नाही. तो शोधणारा माणूस मात्र एखाद्या ठिकाणी असतो आणि एखाद्या ठिकाणी नसतो.

एक उदाहरण मी जवळून पाहिलेले आहे. आमच्या शाळेत एक शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणत. घरी पाच-सहा शेळ्या, त्या मामी बघत. १९८८-८९ ची गोष्ट असेल. मामांना ताप येऊ लागला. आधी हिवतापाच्या गोळ्या झाल्या, मग टायफॉइडचे औषध झाले. ताप जाई आणि परत येई. कंबर इतकी धरली की शाळेची घंटा द्यायला उठता येईना. मग कुठल्याशा दवाखान्यात मणक्याचा फोटो काढला आणि क्षय ठरला. क्षयाचे औषध सुरू झाले आणि मामांना खरोखर बरे वाटू लागले. निदान बरोबर आहे, याची सगळ्यांना खात्री पटली. दोन-तीन महिन्यांनी पहिली औषधे बदलली आणि पुन्हा ताप, पुन्हा कंबर.

असे का झाले ते मला पुष्कळ वर्षांनी वाचताना कळले. रिफॅम्पिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही क्षयाचीही औषधे आहेत आणि या तापाचीही. चुकीच्या निदानाचे औषध अर्धवट लागू पडते आणि चुकीचे निदान आणखी पक्के होते. मणक्यातला क्षय आणि मणक्यातला ब्रुसेला फोटोत एकमेकांसारखे दिसू शकतात. शिवाय क्षयाच्या रोग्याला शेळीचे दूध चांगले, अशी आपली जुनी समजूत. मामांना ते रोज धारोष्ण पाजले जात होते.

शेवटी सोलापूरच्या एका वयस्क डॉक्टरांनी मामांना फोटोआधी एक प्रश्न विचारला, "घरी शेळ्या किती?" मामा म्हणाले, "होत्या. औषधपाण्यासाठी विकल्या." "त्यांतली एखादी गाभडली होती का?" "होय, दोन गाभडल्या. मीच पुरलं सगळं." रक्त तपासले, रोग निघाला. मामींचेही रक्त तपासले, त्यांच्याही अंगात तो होता. त्यांची कंबर तर दोन वर्षांपासून दुखत होती, पण तिकडे कोणाचे लक्ष नव्हते. दोघांनी सहा आठवड्यांची औषधे घेतली. पुढे मामांना मुदत वाढवून मिळाली आणि ते बरे झाले, पण वाकून काम करणे कायमचे सुटले. आणि गाभडलेल्या त्या दोन शेळ्या? त्या बाजारात गेल्या होत्या. कुठल्या गावच्या कुठल्या दावणीला गेल्या, कोण सांगणार?

आज चाचण्या पुष्कळ सुधारल्या आहेत. रोझ बंगाल नावाची चाचणी तर काचेच्या पट्टीवर चार मिनिटांत होते. गुलाबी रंगाच्या थेंबात रक्तद्रवाचा थेंब मिसळायचा आणि गुठळ्या दिसतात का ते पाहायचे. मग राइटच्या रीतीने रक्तद्रव पातळ करत करत तपासतात. १६० पट पातळ करूनही गुठळ्या झाल्या तर रोगाची शक्यता मोठी. पण यालाही पोटभेद आहेत. जो जन्मभर शेळ्यांत वावरला त्याच्या रक्तात जुनी खूण असू शकते, रोग नसतानाही. उलट कधी रक्तात प्रतिद्रव्ये इतकी जास्त असतात की कमी पातळ केलेल्या नळीत गुठळ्याच होत नाहीत. म्हणून आकडा एकटा बोलत नाही. सगळ्यांत पक्का पुरावा म्हणजे रक्तातून जंतू वाढवून दाखवणे. पण तो जंतू सावकाश वाढतो आणि लॅबमधल्या माणसालाच त्याची लागण होण्याची भीती असते. तेव्हा मशीन कितीही आले तरी फिरून फिरून गाडी येते ती विचारण्यावरच.

आणि विचारायचे काय, यातही एक मेख आहे. पुस्तकात माल्टाची कथा असल्यामुळे डॉक्टर विचारतात, "कच्चे दूध पिता का?" आमच्याकडचा माणूस बहुधा "नाही" म्हणतो. कारण आपल्या घरांत दूध तापवायची रीतच आहे. भूम-परंड्याकडे तर दूध आटवून खवा करणाऱ्या भट्ट्यांवर गावेच्या गावे जगतात, आणि खव्यात हा जंतू टिकणार नाही. चुलीवरच्या त्या पातेल्याने नकळत किती घरे वाचवली असतील! पण "नाही" या उत्तराने डॉक्टर निश्चिंत होतात आणि खरा प्रश्न राहून जातो. माल्टात रोग मुख्यतः भांड्यातून आला. आमच्याकडे धारोष्ण दूध पिणारेही आहेत, पण त्यांच्याखेरीज तो हातांतूनही येतो. म्हणून "घरात किंवा शेजारी शेळी गाभडली का? ते कोणी आवरले?" हेही विचारले पाहिजे.

सरकारने २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्याविरुद्ध देशभर मोहीम सुरू केली. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना एकदाच लस टोचायची, असे तिचे स्वरूप आहे. चांगलेच आहे. पण ब्रुसेलाची ही लस गाई-म्हशींच्या वासरांसाठी आहे, शेळी त्यात नाही. माणसाला सगळ्यांत जास्त त्रास देतो तो शेळ्या-मेंढ्यांतला जंतू, आणि मोहिमेत नाही ती गरिबाची गाय. शेळ्यांसाठी रेव्ह-१ नावाची लस १९५७ पासून जगाला माहीत आहे. तिच्याही अडचणी आहेत, गाभण शेळीला टोचली तर ती गाभडू शकते, हे मान्य. तरीही ज्या जिल्ह्याच्या नावाने शेळी ओळखली जाते, त्या जिल्ह्याने तरी हा विषय मांडायला काय हरकत आहे?

तोवर करता येण्यासारखे थोडे आहे, पण ते फुकट आहे. शेळी गाभडली तर उघड्या हाताने काही उचलू नये. हातमोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हातात घालाव्यात. ते सगळे खोल पुरून वर चुना टाकावा, कुत्र्यांना ओढू देऊ नये. गरोदर बाईला आणि पोरांना तिकडे पाठवू नये. दूध उकळूनच प्यावे, औषध म्हणूनसुद्धा कच्चे नको. गाभडलेली शेळी गुपचूप बाजारात नेऊ नये, हे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड आहे, कारण नुकसान सोसायचे कोणी? भरपाईचा मार्ग असल्याशिवाय गरीब माणूस ते पाळणार नाही आणि त्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. औषध सुरू झाले तर मात्र ताप गेला म्हणून दहाव्या दिवशी गोळ्या सोडू नयेत. सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे.

मार्स्टनपासून मंतूरांपर्यंत दीडशे वर्षांचा हा प्रवास पाहिला तर एक गोष्ट दिसते. ज्याने रोग्याच्या अंगावरून नजर उचलून त्याच्या अंगणाकडे पाहिले, त्याला हा ताप सापडला. दवाखान्यातल्या केसपेपरवर नाव, वय, गाव, पत्ता असतो. आमच्या भागात तरी त्याखाली आणखी एक ओळ छापावी असे मला मनापासून वाटते: घरी शेळ्या आहेत का? आमच्या पोरांपैकी कितीतरी आज डॉक्टर आहेत, आरोग्य सेविका आहेत, आशा कार्यकर्त्या आहेत. त्यांच्यापैकी एकाने जरी उद्यापासून हे विचारायला सुरुवात केली, तरी कुठल्यातरी मामीची कंबरदुखी दोन वर्षे वाट पाहत बसणार नाही.

असो. नाव बदलून जिल्हा नवा झाला आहे. शेळी जुनीच आहे, आणि तापही.